फळ्यांमधली हवा

पावसाची झड लागली आहे. दुपारी माळा साफ करताना लाल कापडाची वही सापडली. शेवटची नोंद ३० जून २०१७ ची: सागाच्या कापीव मालाचे घनफूट, मुनीमकाकांच्या तिरप्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी जीएसटी लागू झाला आणि लकडगंजातल्या आमच्या दुकानात संगणक आला.

तेव्हा मी फार उत्साहात होतो. रोज सकाळी सगळ्यांना सांगायचो, सोपं आहे, होऊन जाईल. काकांनी एकदाच विचारलं, "भाऊ, आता माझं काम काय राहील?" मी म्हणालो, "काका, काळजी नका करू." ते उत्तर नव्हतंच. आजही खुपतं.

ओला साग कापला की फळ्या नुसत्या एकावर एक रचत नाहीत. मध्ये पातळ पट्ट्या ठेवतात, हवा खेळावी म्हणून. सावलीत, वर वजन ठेवून. उन्हात घाईनं वाळवलं तर टोकं फाटतात. हे आरागिरणीवरच्या माणसांनीच मला शिकवलं होतं. लाकडाला मी महिने देत होतो, माणसांना आठवडाही दिला नाही.

पुढे काका आपणहून खुर्ची ओढून संगणकाशेजारी बसू लागले. दुकानातला पोरगा बिल काढायचा, काका नजरेनं माल मोजून आकडा ताडून बघायचे. एकदा चुकीचा भरलेला आकडा त्यांनीच पकडला. त्या दिवशी किती उजळला होता त्यांचा चेहरा!

वही परत माळ्यावर ठेवली नाही. टेबलावरच आहे. बाहेरून ओल्या भुशाचा वास येतो आहे.