शेपूट आपल्याकडे

चाळिशी उलटल्यावर माणसाने खेळणी उडवू नयेत, असे आमच्या घरचे मत! तरी भाच्याने आपले रेडिओवर चालणारे चिमुकले हेलिकॉप्टर माझ्या हाती दिले; अर्थात अटी घालूनच. आधी हातातला ट्रान्समीटर सुरू करायचा, मग यंत्राची बॅटरी जोडायची. बंद करताना उलट क्रम. कलंडू नये म्हणून यंत्राच्या पायांखाली त्याने फुलीसारख्या दोन काड्या बांधल्या होत्या. "आणि मामा, शेपूट आपल्याकडेच राहू द्या."

वर्गासमोर कवायत घेताना माझा उजवा तो मुलांचा डावा, हे वीस वर्षे जाणणारा मी! पण यंत्र गर्रकन वळून माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि सारे विसरलो. डावीकडे सावरायला गेलो, तो ते उजवीकडे, नेमके बांधावर बसलेल्या माझ्या धाकटीच्या रोखाने निघाले. पात्यांची नुसती धुरकट चकती दिसत होती.

"होल्ड!" भाचा ओरडला. मोटर तोडणारी कळ कशीबशी ओढली. यंत्र गवतात आदळले. एक पाते गेले.

धाकटी टाळ्या पिटीत होती. मी मात्र मटकन खाली बसलो.

आता उडवण्यापूर्वी तिला माझ्या पाठीमागे, दूर उभी करतो. तिथून काही दिसत नाही, अशी तिची रोजची कुरकुर असते.