हाताआडचा दिवा

होसकोट्यातील आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी एका जुन्या कॅलेंडरचे चित्र चौकटीत बसवून लावलेले होते. एका हाती दिवा धरून दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी स्त्री, आणि तिच्या बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड. आजी तिला ‘रविवर्म्याची बाई’ म्हणे. 1638 नंतर बंगळूर, कोलार, होसकोटे हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. त्या ओघात केव्हातरी इकडे आलेली मराठी आमच्या घरात कानडी हेल घेऊन टिकली होती. तिच्या जोडीला मराठी म्हणावे असे घरात फारसे काही नव्हते. निदान आमची समजूत तशी होती.

पुढे मी शिक्षक झालो आणि आजीचेच वाक्य वर्गात अनेक वर्षे सांगत राहिलो. एकदा म्हैसूरच्या सहलीहून परतलेला एक विद्यार्थी संकोचाने म्हणाला, “सर, जगनमोहन राजवाड्यात ते चित्र पाहिले. खाली हळदणकर असे नाव आहे.” मी त्याला, तू दुसरे चित्र पाहिले असशील, असे सांगून खाली बसविले. तो बसला. त्याचे ते निमूटपणे बसणे मला आजही बोचते.

चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. 1945-46 च्या सुमारास ते झाले, तेव्हा रविवर्म्याला जाऊन चाळीस वर्षे होत आली होती. शिवाय रविवर्म्याचा लौकिक तैलरंगांचा, आणि हे चित्र जलरंगातले. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वरून चढवून उजेड आणता येत नाही; जेथे उजेड हवा तेथे कागदाचा पांढरेपणा आधीपासून राखावा लागतो, आणि चुकीला क्षमा नसते. चित्रासाठी उभी राहिली होती ती हळदणकरांची कन्या गीता. आमच्या देव्हाऱ्याशेजारी इतकी वर्षे सावंतवाडीच्या एका मराठी चित्रकाराची लेक उभी होती, आणि आम्ही तिला त्रावणकोरची करून टाकले होते.

मला मात्र या चित्रापेक्षा त्याच्या आधीच्या वर्षांचे कुतूहल अधिक. हळदणकरांचा जन्म 1882 चा, जे. जे. कलाशाळेत शिकून ते बाहेर पडले आणि 1908 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. 1888 पासून चालत आलेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीवर युरोपीयांचे वर्चस्व होते. 1918 मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही वेगळी संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत हळदणकर होते. ऐन उमेदीच्या वयात या वास्तववादी चित्रकाराने आपले बळ इतरांचे हात घडविण्यात आणि इतरांच्या चित्रांसाठी भिंत मिळविण्यात वाटून दिले. अशा कामाला चौकट नसते, आणि त्यावर सहीही करता येत नाही. ज्या चित्रावर ती करता आली, ते लोकांनी दुसऱ्याच्या नावे जमा केले.

आपल्या वाङ्मयात हे नवे नाही. सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळून गेली, आणि ती वेगळी काढताना अभ्यासकांना बरेच श्रम पडले. तेथे निदान नाममुद्रेचे सारखेपण ही सबब होती. येथे तीही नाही. लोकमानसाला थोर नाव एकच पुरते, एवढेच म्हणता येईल. (संशोधकही यातून अगदीच मुक्त असतात असे मला वाटत नाही, पण तो विषय निराळा.)

गीता उपळेकर 2018 मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, कोल्हापुरात निवर्तल्या. ती बातमी मी वर्गात वाचून दाखविली, आणि इतकी वर्षे आपण चुकीचे सांगत होतो, हेही सांगितले. ज्याला मी खाली बसविले होते तो अर्थातच त्या वर्गात नव्हता. चित्र अजून जागेवरच आहे. चौकटीच्या मागे मी पेन्सिलीने हळदणकरांचे नाव लिहून ठेवले आहे.