भयाविना भयपट

भयपट पाहावयास जाणारा प्रेक्षक पैसे मोजून भय विकत घेत असतो. माल हातीं पडला नाहीं तर त्यानें तक्रार करावी, हें न्याय्यच होय. 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाविषयीं आमच्या घरांतील तरुण मंडळींची तक्रार नेमकी हीच. राही अनिल बर्वे यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं प्रथम प्रदर्शित झाला. सप्टेंबर २०२४ मध्यें तो पुन्हां चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षां अधिक चालला. तेव्हां आमच्या शुक्रवार पेठेंतल्या घरचीं मुलें-नातवंडें मोठ्या अपेक्षेनें गेलीं. आम्हीही सोबत होतों. परततांना सर्वांच्या तोंडीं एकच वाक्य होतें : "दिसलें सुंदर, पण भीति वाटली नाहीं!"

नारायण धारपांची एक कथा ऐकून हें बीज सुचलें, असें बर्वे सांगतात. धारप वाचून रात्रीं दिवा न मालवणारे वाचक आमच्या पिढींत पुष्कळ होते. त्यामुळें आमची अपेक्षा मुलांहून कमी नव्हती. कथा १९१८ ते १९४७ या काळांतली. कोंकणांतील एक ओसाड वाडा, त्याखालीं देवीचें गर्भस्थान, तेथें कोंडलेला तिचा लोभी पुत्र हस्तर आणि त्याच्या कंबरेच्या वस्त्रांतील सोन्याच्या मोहरा. विनायकराव नांवाचा गृहस्थ पुण्याहून येऊन विहिरींत उतरतो आणि त्या मोहरा लुटतो.

पंकजकुमार यांचें छायालेखन अप्रतिम आहे. तुंबाडांतला पाऊस कांहीं केल्या खळत नाहीं. परंतु कोरडा आषाढ पाहण्याची संवय झालेल्या आम्हां सोलापूरकरांस त्या पावसाचें भय कसलें? आम्हांस त्याचा हेवा वाटला!

साहित्यशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर हा दोष विभावांचा आहे. भयानक रसाचा स्थायीभाव भय. अंधार, पाऊस, पडका वाडा हे उद्दीपन विभाव. परंतु ज्याचें भय वाटावयाचें तो आलंबन विभावच दुबळा असेल, तर उद्दीपन म्हणजे चुलींत लांकूड नसतां घातलेली फुंकर होय. हस्तर आपणांस धड दिसतो तो उशिरां. आणि त्याला चुकविण्याचा नियम लवकरच आपणांस पाठ होतो : पिठाच्या रिंगणांत बसावें, कणकेची बाहुली पुढें टाकावी, मोहरा उचलाव्या. नियम पाठ झाला कीं भूत राहत नाहीं, वेळापत्रक राहतें. विनायकराव त्या विहिरीवर कचेरींत जावें तसा जातो.

तरीही एक भाग आमच्या मनांतून जात नाहीं. विनायकराव आपल्या अल्पवयी मुलाला, पांडुरंगाला, ही विद्या शिकवितो. शिष्य तल्लख निघतो. उभा जन्म वर्गांत गेलेल्या आम्हांस तेथें मात्र अंगावर कांटा आला. शेवटीं बापानें पुढें केलेलें तें धन मुलगा नाकारतो, हें कथेचें पुण्य. पण हा गाभा वातावरणाच्या थाटांत पुरता दबून गेला आहे, आणि आमची निराशा ती हीच.

दुसऱ्या दिवशीं जेवतांना नातवानें विचारलें, "आजोबा, आपल्या माजघराखालीं कांहीं पुरलेलें आहे का हो?" प्रश्न पोरवयाचा, पण पंक्तीला बसलेल्या दोघां पुतण्यांचे हात ताटावरच थांबले. गेलें वर्षभर आमचा वाडा पाडून तेथें इमारत बांधण्याच्या गोष्टी चालल्या आहेत आणि वाटणीचा हिशेब अद्याप सुटलेला नाहीं. तेथें ना पाऊस होता, ना अंधार. दिवा लख्ख होता, वरणभात वाफाळत होता. त्या क्षणभराच्या शांततेंत आम्हांस जें भय वाटलें, तें चित्रपटगृहांत वाटलें नव्हतें.

आम्ही नातवास एवढेंच म्हणालों, "नाहीं रे बाळ. आणि असतें, तरी तें सर्वांचें."

धाकट्या पुतण्यानें मान डोलविली. थोरल्यानें ताक मागितलें.