बी.ए.साठी सेमिनरी हिल्स

बारावीचा निकाल लागला की आमच्या मोहाडी तालुक्यातली पोरं कुठे जाणार, हे २००४ साली कोणीही सांगू शकत होतं. सायन्सला मार्क असले की इंजिनिअरिंगची सीईटी. घरची ओढ असली की डी.एड.ची यादी. नाहीतर आयटीआय करून वरठीच्या सनफ्लॅगमध्ये किंवा जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चिकटायचं. यातलं काहीच जमलं नाही तर आर्ट्स. मला सायन्सला फर्स्ट क्लास होता आणि मी बी.ए.ला जायचं ठरवलं होतं, तेही नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर, सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॉलेजात. नागपूरकर त्याला एसएफएस म्हणतात.

आता मी भंडारा जिल्ह्यातच कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. निकालाच्या दिवसांत आईबाप विचारायला येतात, आणि एखाद्या पोराला खरोखरच वाचायची आवड असली की मी त्याला माझी निवड कशी झाली ते सांगतो. तेच इथे लिहितो आहे.

आमचं घर कोष्ट्याचं. बाबा कोशाच्या करवती साड्या विणायचे. करवती किनार तीन धोट्यांची. काठाचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, असे तीन धोटे हातात खेळवत दिवसभर बसायचं आणि मजुरी व्यापारी ठरवील ती. घरात पुस्तकं नव्हती, पण व्यापाऱ्याकडून सूत यायचं ते जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून. ती रद्दी मी वाचायचो. पुढे गावातल्या वाचनालयातलं जे हाती लागेल ते. बारावीपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की फिजिक्सचा धडा मी परीक्षेसाठी वाचतो आणि इतिहासाचं पुस्तक कोणी मागितलं नसताना वाचतो.

आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना मी हे बोललो. ते म्हणाले, "बी.ए.च करायचं असेल तर एवढंच बघ, की तिथला मास्तर महिनाभरात तुला नावानं ओळखेल का." माझी सगळी निवड पुढे याच एका कसोटीवर झाली.

तसे पर्याय कमी नव्हते. भंडाऱ्यातच जे. एम. पटेल कॉलेज होतं, रोज एसटीने जाता-येता आलं असतं, खर्च वाचला असता. नागपूरला सरकारी मॉरिस कॉलेज होतं, १८८५ सालचं. मोठमोठी माणसं तिथून निघाली. हिस्लॉप होतं, १८८३ सालचं, स्कॉटिश मिशनचं, प्रोटेस्टंट. ही सगळी नावाजलेली कॉलेजं, आणि अभ्यासक्रम व परीक्षा सगळीकडे एकच, कारण सगळी नागपूर विद्यापीठाला जोडलेली. इंग्रजी, दुसरी एक भाषा आणि तीन ऐच्छिक विषय, असं बी.ए. तेव्हा कुठेही करा, पेपर तोच येणार. मग फरक उरतो तो वर्गाचा आणि शिकवणाऱ्याचा. मी काही कॉलेजांत नुसता जाऊन फिरलो. एका मोठ्या कॉलेजात वर्गाबाहेर इतकी गर्दी होती की शिकवणाऱ्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. एसएफएसच्या आर्ट्सच्या वर्गात मात्र प्राध्यापिका शेवटच्या बाकावरच्या पोराला नावाने हाक मारून, कालच्या निबंधात त्याने अमुक वाक्य का लिहिलं ते विचारत होत्या. दाराशी उभं राहून मी ते ऐकलं आणि मनात ठरवून टाकलं.

घरी मात्र वादळ उठलं. मामा आले आणि आल्याआल्या म्हणाले, "सायन्सचे मार्क असून आर्ट्स घेते का बे? अन् तेबी फादर लोकाइच्या कालेजात? पोरगा हातचा जाईन ना भाऊजी!" आईला वेगळीच काळजी होती, तिथे पोराच्या गळ्यात क्रूस घालतील म्हणून. बाबा गप्प होते. रात्री माग आवरताना एवढंच म्हणाले, "चाल, मी येतो संगं. माणसं कशी आहेत, पाह्यतो."

बाबा आणि मी वरठीहून पॅसेंजरने नागपूरला गेलो. कॉलेजात एका फादरनी आम्हाला बसवलं. बाबांनी आडवळण घेतलं नाही. "फादरसाहेब, इथं पोराले प्रार्थनेले बसा लागते का?" फादर शांतपणे म्हणाले की नाही, इथे शिकणारी बहुतेक मुलं ख्रिस्ती नाहीत, आणि कोणाला प्रार्थनेला बसवायची सक्ती करता येत नाही, घटनेतच तसं लिहिलं आहे. पुढे राज्यशास्त्राच्या वर्गात मी ते कलम स्वतः वाचलं. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क कलम ३० देतं. आणि कलम २८ च्या तिसऱ्या पोटकलमात सांगितलं आहे की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत विद्यार्थ्याला, तो अज्ञान असेल तर पालकाला विचारल्याशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. ही दोन कलमं आपल्याकडच्या प्रत्येक आईबापाने वाचायला हवीत. मिशनच्या शाळा-कॉलेजांबद्दल गावात जी भीती पसरवली जाते, तिला यातच उत्तर आहे.

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "माणूस खरा बोलला. घे फारम." विषय घेतले इंग्रजी साहित्य, इतिहास आणि राज्यशास्त्र. फी आमच्या आवाक्यात होती. ओढाताण झाली ती गिट्टीखदानकडची खोली आणि मेसचा डबा यांपायी. त्या वर्षी बाबांनी रात्रीही माग चालवला.

हे कॉलेज १९५६ सालचं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला याच शहरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमचा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. ज्यांच्या नावाचं कॉलेज, ते फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) जिनिव्हाचे बिशप. त्यांना मानणाऱ्या, फ्रान्समधल्या ॲनेसीच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूर भागात काम सुरू केलं, म्हणून इथे हे नाव. लोक प्रवचनाला येत नाहीत म्हटल्यावर हा माणूस आपलं म्हणणं कागदावर लिहून घराघरांच्या दाराखालून सरकवायचा. त्यासाठीच १९२३ साली पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचे संत ठरवलं. रद्दीतले कागद वाचून मोठ्या झालेल्या माझ्यासारख्या पोराला हा संत फारच जवळचा वाटला. त्यासाठी मला ख्रिस्ती व्हावं लागलं नाही, आणि तसं कोणी सुचवलंही नाही.

पहिलं वर्ष जड गेलं. मी मराठी माध्यमाचा, आणि वर्गात शिकवणं इंग्रजीतून. विद्यापीठाचा पेपर मराठीत लिहायची सोय होती, पण इंग्रजी साहित्याला तिचा काय उपयोग? सुरुवातीला मी तोंडच उघडत नव्हतो. इंग्रजीच्या मॅडमनी एक दिवस थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, तू मराठीत बोल, तुझं म्हणणं मी इंग्रजीत फळ्यावर लिहीन, मग तू ते वाच. सगळ्या वर्गासमोर असं महिनोन्महिने चाललं. शंभर पोरांच्या वर्गात हे कोणाला शक्य आहे? माझ्याच शब्दांतून मला इंग्रजी आलं. लहान वर्गाचं महत्त्व मला तिथे पटलं.

वर्गात फादर होण्याचं शिक्षण घेणारे काही ब्रदर होते, कोणी केरळचे, कोणी छत्तीसगडचे. ते तत्त्वज्ञान वाचायचे. देव आहे की नाही यावर मधल्या सुट्टीत आमचे कडाक्याचे वाद व्हायचे, आणि ज्याने आयुष्य देवाला द्यायचं ठरवलंय तो ब्रदरच माझ्या नास्तिक मित्राला जास्त चांगले मुद्दे सुचवायचा. असा वाद मी गावात कधी ऐकला नव्हता. गावात देवाबद्दल एक तर हात जोडायचे असतात नाहीतर भांडायचं असतं.

मी शेवटच्या वर्षाला असताना, २९ सप्टेंबर २००६ रोजी, आमच्याच मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची जमावाने हत्या केली. आई, मुलगी आणि दोन मुलगे. कुटुंब बौद्ध होतं. काही आठवड्यांनी बातमी सगळीकडे पोचली, नोव्हेंबरात नागपूर पेटलं. वर्गातली मुलं माझ्याकडे बघून विचारायची, "तुझ्याच तालुक्यातलं ना हे?" मी मान खाली घालायचो. ते गाव आमच्यापासून दूर नव्हतं, आणि मला बोलायला एक वाक्य सुचत नव्हतं.

इतिहासाच्या सरांनी एक दिवस पुस्तक मिटलं. पूर्ण तास त्यांनी मुलांना बोलू दिलं. दलित मुलं बोलली, कुणबी मुलं बोलली, एक मुलगी रडली, एक मुलगा चिडून बाहेर गेला आणि सरांनी स्वतः जाऊन त्याला परत आणलं. शेवटी ते म्हणाले, आता प्रत्येकाने काहीतरी वाचून या, मग पुन्हा बसू. मी ग्रंथालयातून आंबेडकरांचं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' घेतलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेलं ते भाषण मंडळाने होऊच दिलं नाही, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्याच आठवड्यात मला आणखी एक गोष्ट कळली. १९५४ साली बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला भंडाऱ्यातून उभे होते आणि हरले होते. आमच्या जिल्ह्याने घटनेच्या शिल्पकाराला पाडलं होतं. पहिली ते बारावी याच जिल्ह्यात शिकलो, आणि हे मला एकाही वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीत घरी गेल्यावर मी बाबांना सरळ विचारलं की आपल्या गावात कसं होतं. माग थांबवून ते बराच वेळ बसले. म्हणाले, "आपल्या इथंबी पंगत येगळीच बसे, बाबू. आमी कधी इचारलंच नाही का काऊन." त्यानंतर बाबा आणि मी बोलायला लागलो, आणि ते बोलणं त्यांच्या शेवटपर्यंत थांबलं नाही. इंजिनिअर होऊनही मी त्यांना हा प्रश्न विचारला असता का, हे कोणी सांगावं. पण तो कसा विचारायचा हे मला त्या वर्गाने शिकवलं, एवढं मी खात्रीने सांगतो.

नोकरीचं काय, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो आणि तो योग्यच आहे. बी.ए.ने मला लगेच नोकरी दिली नाही. एम.ए., बी.एड. करावं लागलं, मधली वर्षं शिकवण्या घेऊन काढली. पण ज्या डी.एड.कडे तेव्हा सगळं गाव धावत होतं, ते केलेले माझे मित्र पुढे शिक्षकभरती थांबल्यावर वर्षानुवर्षं वाट बघत बसले, आणि इंजिनिअर झालेल्यांपैकी काहीजण आज आपल्या शिक्षणाशी संबंध नसलेली कामं करतात. अठराव्या वर्षी नोकरीची हमी कुठलीच शाखा देत नाही. लिहिता येणं, दुसऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकणं आणि नवा विषय स्वतः वाचून समजून घेणं, हे माझ्या प्रत्येक कामात उपयोगी पडलं, आणि ते मला त्या तीन वर्षांत मिळालं.

आता 'लिबरल आर्ट्स' हा शब्द आपल्याकडेही आला आहे. पुण्यात, दिल्लीकडे खासगी विद्यापीठं त्यासाठी वर्षाला लाखो रुपये घेतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून साध्या कॉलेजातही मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेचा विषय घ्यायची वाट उघडली आहे. विणकराच्या, धानवाल्या शेतकऱ्याच्या, चिखल्याच्या खाणीत काम करणाऱ्याच्या पोरांना लाखोंची विद्यापीठं परवडणार नाहीत. पण साठ-सत्तर किलोमीटरवर नागपुरात विद्यापीठाच्या फीमध्ये असं शिक्षण देणारी लहान कॉलेजं आहेत, मिशनची आणि बिगरमिशनची.

म्हणून माझं सांगणं एवढंच. प्रवेश घेण्याआधी पोराला किंवा पोरीला घेऊन एखाद्या साध्या दिवशी, कार्यक्रम नसताना, त्या कॉलेजात जा. ग्रंथालयात पुस्तकं काढायला कोण आलंय ते बघा. वर्गाच्या दाराशी पाच मिनिटं उभे राहा. प्राचार्यांना मनातला प्रश्न तोंडावर विचारा, धर्माचा असला तरी. आणि तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाला विचारा की तुमच्या सरांना तुझं नाव ठाऊक आहे का. तो हो म्हणाला, तर फॉर्म भरा.