तपासणीचे मोल

चष्म्याच्या दुकानात दोन गोष्टी दिल्या जातात. एक म्हणजे फ्रेम आणि काच. ती डबीत घालून ग्राहकाच्या हाती पडते आणि बिलावर तिची नोंद होते. दुसरी म्हणजे तपासणी. ती वीस मिनिटे चालते आणि बिलावर तिचा उल्लेखही नसतो. आपल्याकडे गावोगावी चष्म्याच्या दुकानांवर ‘डोळ्यांची मोफत तपासणी’ अशी पाटी दिसते. तपासणीचा खर्च फ्रेमच्या नफ्यातून निघतो, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. ग्राहकाला ते ठाऊक असण्याचे कारण नसते. सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी आमचे दुकान याच रीतीवर उभे राहिले. थोरले बंधू नंबर काढीत आणि मी गल्ल्यावर बसून हिशेब लिहीत असे. तीस वर्षे हा क्रम चालला.

ही रीत पुढे चालवावी की नाही, हा प्रश्न पुतणीमुळे आमच्या घरात उभा राहिला. समाजातील अनेक घरांतील मुले-मुली आज ऑप्टोमेट्रीच्या शिक्षणाकडे वळत आहेत. नोकरी करावी की दुकान सांभाळावे, कोणत्या शाखेत प्रावीण्य मिळवावे, मालकी कोणाच्या नावे असावी, हे प्रश्न त्यांनाही पडणार आहेत. म्हणून आमचा अनुभव येथे मांडतो.

पुतणीने बारावीनंतर बी. ऑप्टोम. केले. तेव्हा हा अभ्यासक्रम चार वर्षांचा होता आणि शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने १९८५ मध्ये एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री सुरू केले. आता पुण्या-मुंबईतही हे शिक्षण मिळते. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे नेत्रशल्यविशारद नव्हे. तो शस्त्रक्रिया करीत नाही. नंबर काढणे, दोन्ही डोळे एकत्र नीट काम करतात की नाही हे पाहणे, कॉन्टॅक्ट लेन्स बसवणे, आणि काचबिंदूची किंवा मधुमेहाने पडद्यावर झालेल्या परिणामाची शंका येताच रुग्णाला वेळेत डॉक्टरांकडे पाठवणे, हे त्याचे काम. आरोग्यसेवेतील अशा व्यवसायांसाठी केंद्राने २०२१ मध्ये जो कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रीचाही समावेश आहे.

शिक्षण संपताच मुलीने घरी यावे, अशी दादांची इच्छा होती. पुण्यात महिना अठरा हजारांची नोकरी करायची आणि त्यातले निम्मे खोलीभाड्यात घालवायचे, यापेक्षा घरचे दुकान काय वाईट, हा त्यांचा प्रश्न व्यापाऱ्याच्या दृष्टीने रास्तच होता. मुलीने तीन वर्षांची मुदत मागितली. एका नेत्ररुग्णालयात ती प्रथम सर्वसाधारण विभागात आणि पुढे कॉन्टॅक्ट लेन्स विभागात राहिली. त्या काळात तिच्याशी बोलताना या व्यवसायातील शाखांचे अर्थकारण मला कळत गेले.

केराटोकोनस नावाच्या विकारात बुबुळावरचे पारदर्शक पटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो. विकार वाढल्यावर चष्म्याने स्वच्छ दिसत नाही. कडक किंवा स्क्लेरल लेन्स प्रत्येक डोळ्याच्या मापाने बसवावी लागते. या कामाची फी चांगली मिळते. परंतु चाचणी लेन्सचे संच महाग असतात आणि असे रुग्ण थोडे असल्याने मोठे शहर किंवा मोठे रुग्णालय असेल तरच काम पुरते. अल्पदृष्टीच्या रुग्णांना भिंगे आणि दुर्बिणी देऊन वाचते करणे, हे पुण्याचे आणि फार वेळखाऊ काम. ते स्वतंत्र दुकानाला सहसा परवडत नाही, विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात शोभते. लहान मुलांची गोष्ट वेगळी. आळशी डोळा जितका लवकर ओळखावा तितका उपचार फळतो, आणि मायनस नंबर वाढत असलेल्या मुलाला ठरावीक मुदतीने पुन्हा तपासावे लागते. २०५० पर्यंत जगातील निम्म्या लोकांना मायनस नंबर असेल, असा अंदाज ब्रायन होल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला होता. हे काम तालुक्याच्या गावीही चालू शकते, कारण शाळा सर्वत्र आहेत आणि एकदा विश्वास बसला की ते घर वर्षानुवर्षे येत राहते.

तीन वर्षांनी ती परतली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी एक वही मागून घेतली. महिन्याच्या अखेरीस तिने आकडे पुढे ठेवले: तपासण्या १८४, चष्मे ११३. उरलेल्या ७१ जणांपैकी २६ जणांचा नंबर बदललाच नव्हता. बाकीच्यांपैकी बरेच जण नंबराचा कागद घेऊन गेले आणि मोबाईलवरून स्वस्तात चष्मा मागवून मोकळे झाले. तपासणी आमची आणि विक्री दुसऱ्याची, असा तो हिशेब होता. तिचे मागणे स्पष्ट होते: तपासणीची वेगळी खोली, वेगळे दार आणि २०० रुपये फी.

दादांनी तोड सुचवली. फी घ्यावी, पण चष्मा आपल्याकडे घेतल्यास ती बिलातून वजा करावी. मलाही ते व्यवहाराला धरून वाटले. पुतणी मात्र ठाम राहिली. ती म्हणाली, “अण्णा, फी वजा होणार असेल तर समोर बसलेला प्रत्येक माणूस मला गिऱ्हाईक दिसू लागेल. ज्याचा जुना चष्मा चालतो, त्याला तसे सांगताना दुकानाचे नुकसान होते आहे, हे माझ्या मनात येता कामा नये.” दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या २६ जणांची नावे वहीतून वाचून काढली. त्यांतले बहुतेक त्यांच्या ओळखीचे होते.

मालकीचा प्रश्न याहून अवघड होता. “मुलगी उद्या सासरी जाईल, मग एवढी यंत्रे कोणासाठी?” असे नातेवाइकांनी विचारले. खुर्ची, स्लिट लॅम्प, ऑटोरिफ्रॅक्टोमीटर आणि लेन्सचे काही संच यांना सुमारे सात लाख रुपये लागणार होते. शेवटी ठरले ते असे. खोलीचा व्यवसाय पुतणीच्या एकटीच्या नावे; कर्ज तिच्या नावे, दादा जामीन. खोलीचे भाडे ती दुकानाला देईल. चष्म्याच्या विक्रीवर तिला कमिशन नाही. रुग्णांच्या नोंदी तिच्या मालकीच्या राहतील आणि ती जेथे जाईल तेथे यंत्रे व कौशल्य तिच्याबरोबर जाईल. दुकान पुढे तिच्या भावाकडे राहील. हे सारे वकिलाकडून लिहून घेतले.

पहिले तीन महिने कठीण गेले. तपासण्या निम्म्याहून खाली आल्या. तीस वर्षांचे जुने गिऱ्हाईक फीचे नाव ऐकून पायरीवरून परत फिरलेले पाहणे दादांना फार जड गेले. वर्ष सरताना मुलांच्या तपासण्यांमुळे खोली सावरली. महिन्यातून दोन दिवस ती कोल्हापूरच्या एका रुग्णालयात लेन्स बसवायला जाते. त्याचे मानधन वेगळे. कर्जाचा हप्ता आणि भाडे वजा जाता तिच्या हाती जे उरते, ते तिच्या पुण्यातील शेवटच्या पगाराहून थोडेसेच अधिक आहे. दुकानातील चष्म्यांची विक्री थोडी घटली. मात्र नंबर न जमल्याने काचा बदलून देण्याचे प्रसंग बरेच कमी झाले, आणि त्या काचांचा भुर्दंड आम्हीच सोसत होतो.

ज्या घरात चष्म्याचे दुकान आहे आणि मूल हे शिक्षण घेत आहे, त्या पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. पदवीनंतरची दोन-तीन वर्षे त्याला दुसऱ्याच्या हाताखाली काम करू द्यावे. त्या काळातील तुटपुंजा पगार हाही शिक्षणाचाच खर्च समजावा. शाखा निवडताना आपल्या गावाची वस्ती, शाळा आणि जवळचे रुग्णालय यांचा विचार करावा. यंत्रे एकदम घेऊ नयेत. आमच्याकडे डोळ्याची लांबी मोजणारे यंत्र अजून आलेले नाही आणि कर्ज फिटेपर्यंत ते घ्यायचे नाही, असे ठरले आहे. आणि मुलगा असो वा मुलगी, खोली कोणाची, नोंदी कोणाच्या आणि नफा कोणाचा, हे काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर आणावे. घरच्या घरात लिखापढी कशाला, असे आमच्याकडेही काहींनी विचारले. तो कागद आज दुकानाच्या तिजोरीत आहे, आणि त्याची एक प्रत पुतणीकडे आहे.