मंडईजवळचं आर्यन

धुळे

चि. निखिल यास,


पुण्यात मंडईजवळ तू मोटारसायकल लावायचास, त्या पार्किंगला लोक ‘आर्यन’ का म्हणतात, असं परवा विचारलंस. हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

तिथे आर्यन सिनेमा होता. गंगाधर पाठकांनी १९१५ साली उभं केलेलं ते पुण्यातलं पहिलं चित्रपटगृह. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. सिनेमा म्हणजे तंबू. आज या गावी, उद्या त्या गावी. आपल्या खानदेशात तर हे पुढे कितीतरी वर्षं चाललं. सारंगखेड्याच्या जत्रेत तुझी आई आणि मी मातीत बसूनच सिनेमे पाहिले. पाठकांनी आर्यन उभारलं तेव्हा बोलपट यायलाही अजून सोळा वर्षं होती. देशी चित्रं मोजकी, तीही मुकी. अशा वेळी रोज खेळ होतील, रोज माणसं येतील, या भरवशावर भिंती बांधायला छाती लागते. चित्रं काढणाऱ्यांची नावं आपण पाठ करतो. ती दाखवायला जागा उभारणारा पाठकांसारखा माणूस मला त्यांच्या बरोबरीचा वाटतो.

त्या जागेचं मोल एका चित्रावरून कळेल. ७ फेब्रुवारी १९२० रोजी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ आर्यनमध्ये लागला. विषय कीचकवधाचा. त्याच कथेवरच्या खाडिलकरांच्या नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती, कारण कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसायचा. दहा वर्षांनी तोच कीचक पडद्यावर भीमाच्या हातून मेला! ते दृश्य इतकं अंगावर येणारं होतं की पुढे सेन्सॉरने त्याला कात्री लावली. पेंटरांना लोकमान्यांनी ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रासाठी. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य गेले.

आर्यनची जागा मात्र भाडेपट्ट्याची, नगरपालिकेची. १९८३ मध्ये थिएटर बंद झालं, पाडलं गेलं आणि तिथे वाहनतळ झाला. मंडईच्या गर्दीला तो हवाच होता, हे मान्य. पण पाठकांच्या नावाची एक ठसठशीत पाटी तरी तिथे हवी, असं मला मनापासून वाटतं. तुझे पुण्यातले मित्र त्यासाठी महापालिकेला अर्ज करतील का? मजकूर मी लिहून देतो.

तुझा,
मामा