बदलीच्या गावातला पहिला घास

शासकीय सेवेत आमच्या बदल्या पुष्कळ झाल्या. नव्या गावी पहिल्या रात्री ताट पुढ्यात येई. पण घास घशाखाली उतरत नसे. निवृत्तीनंतर हे सारे विसरलो होतो. त्याची आठवण करून दिली ती तीन माशांनी.

धाकट्या चिरंजीवांनी पुण्यास जाताना आपले खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आमच्या स्वाधीन केले होते. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले तीन क्लाउन मासे होते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उभे राहिले ते समुद्रासमोर. आमच्या सौसरला मात्र समुद्र नागपूरहून पुड्यांत येई. लिटरभर शुद्ध पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ, एवढाच आमचा रत्नाकर!

गेल्या मे महिन्यात आम्ही सौसरचे घर सोडून पांढुर्ण्यास आलो. माशांसाठी मोठी टाकी घेतली. मासे जुन्या पाण्यासह नीट आले. परंतु टाकीतले खडक आम्ही उघड्या टेम्पोत ठेवले. तासाभराच्या प्रवासात ते उन्हाने कोरडे पडले. माशांच्या मलातून आणि उरलेल्या अन्नातून निर्माण होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच खडकांवर वसतात, हे आम्हांस कुठे ठाऊक?

नव्या टाकीत मासे कोपऱ्यात दडून बसले. अन्नाला तोंड लावीनात. आमचा जीव कासावीस झाला. सकाळी चिमूटभर, दुपारी चिमूटभर, रात्री आणखी थोडे, असे खाद्य आम्ही टाकीतच राहिलो. ते तळाशी कुजत गेले. तिसऱ्या दिवशी एक मासा पाण्यावर तरंगताना दिसला.

चिरंजीवांनी दूरध्वनीवरून कारण सांगितले, तेव्हा आम्ही खजील झालो. उपासाने नव्हे, आमच्या मायेने तो मासा मारला होता. पुढे रोज थोडे पाणी बदलले. दिवसाआड आर्टेमियाचे चार कण टाकायचे आणि उरलेले लगेच काढून घ्यायचे, असा नेम ठेवला. हात आवरणे फार जड गेले. शेवटी सौ. म्हणाल्या, “अहो, बदलीच्या गावी पहिल्या रात्री मी तुम्हांला कधी आग्रह केला होता का? ताकभात पुढे ठेवायची आणि उठून जायची.”

इतकी वर्षे त्या उठून जाण्याला आम्ही प्रवासाचा शीण समजत आलो होतो.

आठव्या दिवशी दोघांपैकी धीट मासा पुढे आला आणि त्याने एक कण टिपला. आम्ही डबीकडे पुन्हा हात नेला नाही. दिवा मालवला आणि उठून आत गेलो.